दप्तराचं ओझं आणि दुखणारे खांदे, दोष कोणाचा?

अमळनेरची आई
पोरगा चौथीत, वजन २४ किलो. किराणावाल्याच्या काट्यावर दप्तर ठेवलं तर ५ किलो ८०० ग्रॅम! शर्ट काढला की दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ, झोपताना बाम लावून दे म्हणतो. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर नको हा राज्याचा जीआर २०१५ चा, आणि केंद्राच्या २०२० च्या धोरणात तिसरी ते पाचवीला जास्तीत जास्त अडीच किलो. मग शाळेत एकदा तरी कोणी काटा आणला का? माझ्या मते दोष सरळ शाळेचा.

तात्या, पारोळा
ताई राग मानू नका, पण आम्ही कापसाची गाठोडी वाहिली, खांदे नाही दुखले. आताची पोरं ग्राउंडवर जात नाहीत, मान खाली घालून मोबाइल बघतात, मग दुखणारच ना भो.

चोपड्याचा मास्तर
मी शिकवतो म्हणून सांगतो, २०२३ ला बालभारतीनं पुस्तकं चार भागांत केली ती ओझं कमी व्हावं म्हणूनच. तरी दप्तर उघडलं की कालच्या वह्या, गाइड, क्लासची फाइल, दोन डबे आणि दीड लिटरची बाटली. रात्री वेळापत्रक बघून दप्तर भरायला पालकांना दहा मिनिटं मिळत नाहीत का?

अमळनेरची आई
सर, आमच्याकडे खासगी वर्कबुकं सक्तीची आहेत, एखादं राहिलं की वर्गाबाहेर उभं करतात, मग पोरगं घाबरून सगळंच कोंबतं. आणि पाण्याचं म्हणाल तर एप्रिलमधे आपल्याकडे पारा चाळीसच्या वर, टाकीचं पाणी चटका लागेल इतकं गरम. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, शाळेनं थंड पाणी दिलं तर तेवढं तिथंच कमी होईल.

फिजिओ, जळगाव
थोडं वेगळं बोलतो. २०१८ ला आधीच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला, त्यात दप्तराच्या वजनानं पाठदुखी होते याला ठोस पुरावा सापडला नाही. पण एका खांद्यावर लटकवलेलं, कमरेखाली लोंबणारं दप्तर मान आणि खांदे ताणतंच. दोन्ही पट्टे आवळा, जड पुस्तक पाठीला लागून ठेवा. हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखण्यानं झोपमोड होत असेल तर बाम चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

धरणगावकर
पट्टे आवळून काय होणार साहेब, खेड्यावरून एसटीनं येणाऱ्या पोरांचं बघा जरा. सकाळची गाडी खच्चून भरलेली, एका हातात दांडा, पाठीवर दप्तर, कंडक्टर ओरडतो खाली ठेव, पण पाय ठेवायला जागा नाही तर दप्तर कुठं ठेवणार? वर्गात कपाट द्या ना.

तात्या, पारोळा
कपाटाचे पैसे कोण देईल? फी वाढली की तुम्हीच बोंब माराल.

अमळनेरची आई
कपाट नको तात्या, भिंतीला चार फळ्या ठोका आणि वर्कबुकं तिथंच राहू द्या. सुतार आम्ही पालक आणतो, शाळेनं फक्त हो म्हणावं.