मदत हवी आहे: फँटसी बेसबॉलच्या पहिल्या फेरीत कोण कुठे जाणार, हे कसं ओळखायचं?

जर्सीकर

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटच्या धाग्यांना तोटा नाही, बेसबॉलचा मात्र एकही दिसला नाही. तरी विचारतो, अमेरिकेतलं कुणी ना कुणी खेळत असेलच. फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपली टीम निवडायची आणि मोसमभर त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवायचे; ड्राफ्ट म्हणजे पाळीपाळीने खेळाडू उचलणं.

ऑफिसातली बारा जणांची लीग आहे. स्नेक ड्राफ्ट, म्हणजे पहिली फेरी एक ते बारा आणि दुसरी उलटी, बारा ते एक. माझा नंबर नववा, त्यामुळे पुढचा पिक थेट सोळावा. रोटो पद्धत, म्हणजे प्रत्येक रकान्यात कितवे आलात त्यावर गुण. नेहमीचेच पाच-पाच रकाने: बॅटिंगला रन, होम रन, आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेले रन), स्टील (चोरलेले बेस), ॲव्हरेज, पिचिंगला विन, सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी), स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावरचे रन, कमी तितका चांगला), व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक).

खरी अडचण ड्राफ्टची नाही, त्याआधीच्या पैजेची आहे. पहिल्या फेरीत कोणत्या नंबरवर कोण जाणार याची बारा नावांची यादी प्रत्येकाने बंद पाकिटात द्यायची. जागा अचूक आली तर ५ गुण, एका जागेने हुकली तर २, फेरीत आहे पण जागा लांबची तर १. जिंकणाऱ्याला बाकीचे अकरा जण जेवण देतात, आणि वर्षभर टोमणे मारायचा हक्क त्यालाच.

मी एडीपी, म्हणजे हजारो ड्राफ्टमध्ये खेळाडू सरासरी कितव्या नंबरला गेला तो आकडा घेतला आणि त्याच क्रमाने नावं लिहिली: ओहतानी, जज, बॉबी विट, सोतो, होसे रामिरेझ, स्कूबल, एली डे ला क्रूझ, अकूनिया, हुलिओ रॉड्रिगेझ, स्कीन्स, टकर, कॅल रॅली. एवढ्याने भागेल का? सोतो आणि स्कूबलच्या जागांबद्दल मन घेत नाही.

रंकाळा

हे ड्रीम११सारखंच का? बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण पैज भारी आहे. वाचतोय.

जर्सीकर

@रंकाळा, नाही. ड्रीम११मध्ये कोहली हजार जणांच्या टीममध्ये एकाच वेळी असू शकतो. इथे जज एकाने उचलला की सप्टेंबरअखेरपर्यंत तो त्याचाच. म्हणून तर पहिल्या फेरीला एवढं महत्त्व.

आकडेमोडे

यादी वाईट नाही, पण पैजेला चुकीचं हत्यार घेतलंय. एडीपी ही सरासरी आहे आणि तुमचे गुण सरासरीला मिळत नाहीत. समजा एखादा खेळाडू निम्म्या वेळा चौथा जातो आणि निम्म्या वेळा आठवा. सरासरी सहा. तुम्ही त्याला सहाव्या जागी लिहिलंत तर दोन्ही वेळा दोन जागा लांब, पदरात १ गुण. चौथ्या जागी लिहिलंत तर निम्म्या वेळा ५, निम्म्या वेळा १, म्हणजे सरासरी ३. तेव्हा एडीपीच्या शेजारी सर्वांत लवकरचा आणि सर्वांत उशिराचा पिक दिलेला असतो तो बघा. ज्याचा पट्टा रुंद, त्याला मधे कोंबू नका, एका टोकाला टाका.

सोतो तसाच आहे. २०२५मध्ये ४३ होम रन, ३८ स्टील. स्टीलचा आकडा परत वाचा. २०२४मध्ये त्याने फक्त ७ बेस चोरले होते आणि त्याआधी कधी १२च्या वर गेला नव्हता. या चोऱ्यांचं बरंचसं श्रेय मेट्सचा फर्स्ट बेस कोच अँटोअन रिचर्डसनला दिलं गेलं, आणि तो आता तिथे नाही. ज्याला ३८ परत येतील असं वाटतं तो सोतोला तिसरा घेईल. ज्याला १५ वाटतात तो सातव्यापर्यंत हात लावणार नाही.

सिनसिनाटीची सून

सासरच्यांमुळे रेड्सचे, म्हणजे एलीच्या टीमचे, सामने बघावे लागतात, आता मीच जास्त बघते. एलीला सातवा लिहिण्याआधी दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा: २०२४मध्ये २५ होम रन, ६७ स्टील, २०२५मध्ये २२ आणि ३७. पण गेल्या मोसमात तो सगळे १६२ सामने खेळला, आणि उत्तरार्धात मांडीचं दुखणं घेऊन खेळला. ज्यांनी नुसता आकडा पाहिला ते त्याला खाली ढकलतात, ज्यांनी सामने पाहिले ते वर घेतात. तुमच्या आधीचे आठ जण सामने बघणारे आहेत की अ‍ॅप बघणारे?

डगआउट

सूनबाईंनी नेमकी दुखरी नस पकडली. जर्सीकर, तुम्ही बारा खेळाडूंची यादी दिलीत, आम्हाला बारा माणसांची हवी आहे. एक ते आठवर कोण बसलंय ते सांगा. जगातले हजारो ड्राफ्ट काय करतात याच्याशी तुमच्या ऑफिसला काही देणंघेणं नाही.

जर्सीकर

बरोबर. घ्या:

पहिला, मॅनेजर. सावध माणूस, जे सगळे म्हणतील तेच घेणार. दुसरा यांकीजचा कट्टर. तिसरी एक मुलगी, गेल्या वर्षीची विजेती, आकड्यात पक्की. चौथा दरवर्षी पिचरपासूनच सुरुवात करतो, कितीही हसा. पाचवा डेट्रॉइटचा. सहावा गप्प असतो, काही थांग लागत नाही. सातवा ड्राफ्टला येतच नाही, ऑटोड्राफ्टवर टाकून ठेवतो. आठवा मेट्सवाला. दहा ते बारा नवीन.

आमच्या अ‍ॅपवर बॅटर ओहतानी आणि पिचर ओहतानी (तो दोन्ही करतो) हे दोन वेगळे खेळाडू धरतात.

डगआउट

अहो, मग निम्मा पेपर फुटलाच की! पहिल्याकडे ओहतानी, दुसऱ्याकडे जज. ५३ होम रन, .३३१ ॲव्हरेज आणि वर यांकी; तो माणूस दुसरं काही घेणारच नाही. तिसरीकडे विट. चौथ्याला पिचर हवा आणि पाचवा डेट्रॉइटचा, म्हणजे स्कूबल चौथ्या-पाचव्यातच संपतो. सलग दोन साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळवलेल्या घरच्या पिचरला डेट्रॉइटकर सोडेल का? फक्त चौथ्याने आधी उचलला तर पाचव्याची पंचाईत.

सगळ्यांत सोपा तुमचा सातवा. जो येतच नाही त्याचा पिक अ‍ॅप करतं, आणि अ‍ॅपची स्वतःची क्रमवारी उघड असते. त्या यादीत तेव्हा वर जे नाव उरेल ते त्याचं. पाकीट देण्याच्या दिवशी ती क्रमवारी परत बघा, दुखापतीच्या बातमीने रात्रीत बदलते.

आकडेमोडे

चौथा स्कूबल घेईल की स्कीन्स? दोघांचं वजन जवळपास सारखं आहे. स्कूबल २.२१ ईआरए, २४१ स्ट्राइकआउट, स्कीन्स १.९७ आणि २१६. पण रोटोत विनचा रकाना आहे, आणि स्कीन्स एवढं करूनही १०-१० राहिला, कारण त्याच्या टीमची, पायरेट्सची, कच्ची बॅटिंग. पिचरवेडा माणूस हे जाणून असतो. मी चौथ्याला स्कूबल लिहीन. मग पाचव्याने चिडून स्कीन्स घेतला तरी आश्चर्य नको.

बाकी पहिल्या फेरीत पिचर घेणं मला आजही पटत नाही. गेरिट कोल २०२५च्या मार्चमध्येच कोपराच्या शस्त्रक्रियेने मोसमाबाहेर गेला, कॉर्बिन बर्न्स जूनमध्ये. पण पैज तुम्ही कुणाला घ्याल यावर नाही, लोक कुणाला घेतील यावर आहे.

रंकाळा

एक अडाणी प्रश्न. नववा पिक तर जर्सीकरांच्याच हातात आहे ना? मग ते ५ गुण फुकटचे नाहीत का?

डगआउट

रंकाळाराव, ओ की ठो कळत नाही म्हणता आणि आम्हा सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं धरता! फुकटच, पण अट अशी की लिहिलेलं नाव नवव्यापर्यंत टिकलं पाहिजे. रामिरेझ लिहिलात आणि तो सहाव्याला गेला तर १. रॅली लिहिलात तर बहुधा टिकेल: ६० होम रन, कॅचरचा विक्रम, पण ॲव्हरेज .२४७, शिवाय कॅचरला पहिली फेरी द्यायला लोक कचरतात.

सिनसिनाटीची सून

माझा विरोध. एका जेवणासाठी सहा महिन्यांची टीम बिघडवू नका. एक कॅचर खेळवायच्या लीगमध्ये रॅली नववा जरा महागच. हुलिओ लिहा. ३२ होम रन, ३० स्टील, टिकेलही आणि टीमलाही लागतो. शिवाय नवव्यानंतर तुमचा नंबर सोळावा, मधले सहा पिक त्या तीन नवख्यांचे. स्टील तिथे उरतील या भरवशावर राहू नका.

जर्सीकर

सगळ्यांचे आभार, ताईंचं ऐकतो. सुधारलेली यादी: ओहतानी, जज, विट, स्कूबल, स्कीन्स, रामिरेझ, एली, सोतो, हुलिओ, अकूनिया, टकर, रॅली.

मेट्सवाल्यासाठी सोतो आठव्यापर्यंत उरेल हा जुगार आहे, पण आकडेमोडेंच्या हिशेबाने टोकाला टाकला. आता फक्त सहावा अडतोय. गेल्या वर्षी त्याने पहिल्या फेरीत कुणाला घेतलं होतं ते लीगच्या जुन्या नोंदीत सापडतं का, उद्या बघतो.

डगआउट

सापडलं की इथे टाका. आणि तो कुठे वाढला तेही विचारा, गप्प माणसंसुद्धा गावच्या टीमवर जातात.