मदत हवी आहे: ट्राय-कॅच-फायनलीसाठी सिंटॅक्स ट्रीमध्ये एकच नोड ठेवू की दोन?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे जावाचा बराच जुना कोड आहे आणि त्यात रिकामे कॅच ब्लॉक जागोजागी पेरलेले आहेत. एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) येतं, ते पकडणारा कॅच ते गिळून टाकतो आणि चूक तीन दिवसांनी भलत्याच ठिकाणी वर येते. असे ब्लॉक शोधून देणारं एक छोटं साधन लिहायला घेतलंय. कोड वाचून त्याचं सिंटॅक्स ट्री, म्हणजे रचनेचं झाड, बनवणारा पार्सर हातानेच लिहिलाय, रिकर्सिव्ह डिसेंट पद्धतीचा (प्रत्येक रचनेसाठी एक फंक्शन, ती एकमेकांना बोलावतात). इफ, व्हाइल, मेथड कॉल सगळं नीट जमलं, पण ट्रायपाशी येऊन अडकलो आहे.

आधी ट्राय नोडला (झाडातल्या त्याच्या गाठीला) एकच यादी दिली आणि भेटतील तसे ब्लॉक तिच्यात टाकत गेलो. पहिला ट्रायचा, पुढचे सगळे कॅचचे, शेवटी असलाच तर फायनलीचा, म्हणजे काहीही झालं तरी शेवटी चालणारा. पण जिथे कॅच नाही, नुसतं फायनली आहे, तिथे दुसऱ्या जागेवर फायनली येऊन बसतं आणि साधन त्यालाच कॅच समजतं.

म्हणून दोन नोड केले: आत ट्रायकॅच, त्याला गुंडाळणारा ट्रायफायनली. अर्थाने हे बरोबरच आहे, कॅचमधून उडालेल्या एक्सेप्शनलाही फायनली लागू पडतं. पण मला दुरुस्ती सुचवून कोड पुन्हा छापायचाही आहे. कोणी खरोखरच ट्रायच्या आत ट्राय लिहिला असेल, तर त्याचं आणि साध्या ट्राय-कॅच-फायनलीचं झाड हुबेहूब सारखं होतं. परवा छापलेल्या फाइलमध्ये एका ट्रायचे दोन झाले होते.

शिवाय एकाच कॅचमध्ये उभी रेघ मारून दोन-तीन प्रकार लिहिलेले असतात, ते मी सध्या एक सलग स्ट्रिंग म्हणून ठेवतोय. आणि ट्रायच्या कंसातले रिसोर्स (फाइलसारख्या, काम झाल्यावर आपोआप बंद होणाऱ्या गोष्टी) कुठे टांगायचे, तेही कळत नाहीये. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १

एकच नोड ठेवा, पण यादी नको. नावं असलेली चार खणं करा: रिसोर्स, ब्लॉक, कॅचेस, फायनली. फायनली लिहिलंच नसेल तर नल (काहीच नाही), लिहून रिकामं सोडलं असेल तर रिकामा ब्लॉक. हा फरक जपलात तरच छापताना मूळ कोड परत मिळेल.

तुमच्यासारखीच दोन नोडांची रचना पायथनच्या झाडातही होती. ट्राय, एक्सेप्ट आणि फायनली एकत्र लिहिलं की ट्रायफायनलीच्या पोटात ट्रायएक्सेप्ट जायचा. ३.३ आवृत्तीत (२०१२) दोन्ही मिळून एकच ट्राय नोड केला. दोन नोडांत फोड करायचीच असेल तर ती नंतरच्या टप्प्यात करा. पार्सरने समोर लिहिलंय तेवढंच सांगावं.

प्रत्येक कॅच मात्र स्वतंत्र नोड हवा. त्याला स्वतःचं व्हेरिएबल असतं, स्वतःचा स्कोप (ते जिथवर दिसतं तो भाग) आणि ओळ क्रमांकही. प्रकारांची स्ट्रिंग आजच काढून टाका, एक प्रकार असला तरी यादीच ठेवा.

प्रतिसाद २

रिसोर्सबद्दल: जावा ७ पासून (२०११) ही सोय आहे. कंसात जाहीर केलेलं व्हेरिएबल फक्त ट्रायच्या ब्लॉकात दिसतं, कॅच आणि फायनलीत नाही. आणि रिसोर्स उलट्या क्रमाने बंद होतात, तेही कॅच सुरू व्हायच्या आधी. त्यामुळे ते ब्लॉकमध्ये मिसळू नका, वेगळ्या खणातच राहू देत. नोड बनवताना एक तपासणीही घाला: रिसोर्स, कॅच, फायनली यांपैकी निदान एक असलंच पाहिजे, नाहीतर तो कोड जावाच नाही.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री चार खणांची रचना केली. नुसत्या फायनलीची खोटी तक्रार गेली आणि छापलेली फाइल आता मूळ फाइलशी जुळते. कॅचचे प्रकारही यादीत घेतले. म्हणजे आता कॅचेसवरून एक फेरी मारली की काम झालं ना?

प्रतिसाद १

नाही, फायनलीतही बघावं लागेल. तिथे रिटर्न लिहिलेलं असेल तर उडालेलं एक्सेप्शन तिथेच गडप होतं, अगदी कॅच नसतानाही. जुन्या कोडमध्ये हे रिकाम्या कॅचपेक्षा जास्त त्रास देतं, कारण डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक आणि कंटिन्यू फायनलीच्या बाहेरच्या लूपला लागत असतील तर त्यांचंही तसंच.

फक्त झाड खाली उतरताना दोन ठिकाणी जपा. फायनलीच्या आतच सुरू झालेल्या लूपमधला ब्रेक निरुपद्रवी आहे. आणि आत लॅम्डा (जागीच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) किंवा निनावी क्लास असेल तर त्यातलं रिटर्न त्याचं स्वतःचं असतं, तिथून पुढे उतरू नका. माझ्याकडून हेच राहिलं होतं आणि पहिल्या दिवशी खोट्या तक्रारींचा ढीग लागला होता.

मूळ लेखक

लॅम्डाचा विचार डोक्यातच आला नव्हता. आज आधी त्याची टेस्ट लिहितो, मग फायनलीची तपासणी.