१८३४ चा भरतकामाचा सॅम्पलर मिळालाय, धुवू का?

फुलीटाका_लेस्टर:
नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. गेल्या रविवारी इथल्या जुन्या बाजारात एक फ्रेम मिळाली, आत वीतभर रुंद सॅम्पलर, म्हणजे पूर्वी मुली टाके शिकताना अक्षरं-चित्रं भरायच्या तो नमुन्याचा कपडा. वर एबीसीडी, मधे देवाची चार ओळींची कविता, खाली घर, दोन झाडं, मोर आणि मुलीचं नाव, वय ९, साल १८३४. सगळा फुलीटाका, इतका बारीक की चष्मा लावूनही टाके मोजता येईनात. कवितेचा अर्थ असा की हे येशू, एका बाळाचं पहिलं काम म्हणून तुझं नाव इथे राहू दे, आणि कापडावर तिची बोटं फिरताना तिचं मन तुझ्या प्रेमाकडे वळव. पण दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्दच नाहीये. कापड पिवळं पडलंय, कडेला बारीक भोकं आहेत, मागे लाकडी फळी ठोकलीय. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून हलक्या हाताने धुतलं तर चालेल का? आणि एबीसीडीत 'जे' (J) हे अक्षरच नाही, पोर विसरली असेल का?

दोसुती_पुणे:
ताई, पाणी अजिबात लावू नका प्लीज! लाल आणि हिरवा रंग सुटला तर अख्खं कापड जाईल. भोकं कसरीची असतील तर कापड लोकरीचं असणार, लिननला कसर लागत नाही, तेव्हा जिवंत कसर नाही ना ते आधी बघा. ती लाकडी फळी मात्र लवकर काढून घ्या, लाकडातल्या आम्लामुळेही कापड पिवळं पडतं, पण हे काम जुनं कापड हाताळणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या. फ्रेम उघडली की मागची बाजू नक्की बघा, उजेड न लागल्यामुळे तिथे रंग अजून ताजे असतात, पुढे फिकट दिसणारं गवत मागे हिरवंगार निघतं. पोर 'जे' विसरलेली नाही हो, जुन्या वर्णमालेत आय (I) आणि जे (J) एकच धरायचे, म्हणून खूप सॅम्पलरांत ते नसतं.
माझ्या आईने रुखवतासाठी दोसुती कापडावर भरलेली रांगोळी अजून घरात आहे, कडेच्या एका फुलात एक टाका चुकलाय, तो बघितला की तिचं लग्नाआधीचं वय आठवतं.

कापडवेडा:
गायब शब्दाबद्दल. ही कविता त्या काळच्या खूप सॅम्पलरांवर सापडते, तिथे हँड म्हणजे हात हा शब्द असायचा. तपकिरी किंवा काळ्या रेशमाने भरला असेल तर तो धागाच गळून जातो, कारण तो रंग पक्का करायला लोहाचे क्षार वापरायचे आणि तेच रेशीम कुजवतात. पण सुईची भोकं राहतात! भिंग घेऊन तिरक्या उजेडात बघा.
अक्षरं का शिकवायचे तर घरातल्या चादरी, टॉवेलांवर आद्याक्षरं आणि नंबर भरायला लागायचे, मोठ्या घरात कामाला जाणाऱ्या मुलीला ते यायलाच हवं. ब्रिस्टलच्या म्युलर अनाथाश्रमातल्या मुलींचे लाल धाग्याचे सॅम्पलर बघा, एकाच कापडावर वेगवेगळ्या वळणाच्या कितीतरी एबीसीडी, सगळी मुंगीएवढी अक्षरं.

सुईची_लेक:
सगळं खरं, पण मला हे बघून नुसतं गोड वाटत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एलिझाबेथ पार्करचं भरतकाम आहे, साधारण १८३० चं, ससेक्समधली मुलगी, लहान वयात घरकामाला गेली, मालकाने छळलं, जीव द्यावासा वाटला, हे सगळं तिने लाल रेशमाने ओळीमागून ओळ भरलंय, चित्र नाही की वेलबुट्टी नाही, आणि माझ्या आत्म्याचं काय होईल असं विचारता विचारता मजकूर मधेच थांबतो. बाकीच्या मुली ठरलेल्या ओळी भरायच्या, हिने सुईने स्वतःचं सांगितलं. म्हणून तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीचं नाव चर्चच्या नोंदींमध्ये जरूर शोधा, ती कोण होती ते कळू दे.

फुलीटाका_लेस्टर:
सगळ्यांचे मनापासून आभार, धुणं रद्द! रात्री टॉर्च आडवा धरून भिंगाने बघितलं. भोकं आहेत, हँडच आहे. एच, ए, एन ओळीत बसलेत आणि जागा संपल्यामुळे डी तिने वर, ओळीच्या डोक्यावर टाकलाय.