अनुभव धागा: स्कीइंगला गेलात तेव्हा मुक्काम कुठे होता? रिसॉर्टमध्ये की शेजारच्या गावात?

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही गुलमर्गला गेलो होतो. मुलगा तेव्हा ९ वर्षांचा, स्की शिकायचंच हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सकाळी लहान मुलाला घेऊन धावपळ नको म्हणून गोंडोलापासून, म्हणजे तिथल्या रोपवेपासून, पाच मिनिटांवरचं महागडं हॉटेल घेतलं. खोलीच्या मागच्या खिडकीखाली डिझेल जनरेटर होता. वीज गेली की तो सुरू व्हायचा, आणि वीज रात्रीतून तीन-तीनदा जायची. खालच्या हॉलमध्ये कुठल्याशा कंपनीचा कार्यक्रम, साडेबारापर्यंत गाणी. तिसऱ्या दिवशी पोरगं उतारावर उभ्या उभ्या रडायला लागलं. पडलं म्हणून नव्हे, झोप झाली नव्हती म्हणून. लग्नसराईत नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सशेजारी राहणाऱ्यांना मी काय म्हणते ते कळेल.

या वेळी माझी ७१ वर्षांची आईही येते आहे. ती स्की करणार नाही, तिला बर्फ बघत बसायचंय. म्हणून मुक्काम जवळच्या गावात करायचा विचार आहे. नाशिकमधले स्कीइंग करून आलेले, किंवा मुलांकडे परदेशी जाऊन बर्फात राहून आलेले ओळखीतले काही जण आहेत. त्यांना मी मुद्दाम लिहायला सांगितलंय. हॉटेलचं नाव नको, भाडं नको. रात्री दहा ते सकाळी आठ कानावर काय काय आलं, आणि सकाळी उतारापर्यंत कसे पोचलात, एवढं मोकळेपणानं लिहा.

इंदिरानगरहून

आम्ही चौघं मित्र, जानेवारीत दहा रात्री, टंगमर्गजवळच्या एका गावात एका कुटुंबाच्या घरी. टंगमर्ग गुलमर्गच्या १३ किलोमीटर खाली आहे. मुख्य रस्ता सोडला की सफरचंदाच्या बागा आणि त्यात घरं.

घराला हमाम होता. म्हणजे दगडी फरशीची खोली. फरशीखाली लाकडं पेटवतात, आणि ती रात्रभर कोमट राहते. ओले हातमोजे, स्की बुटांची आतली अस्तरं फरशीवर पसरायची, शेजारी गाद्या टाकून आपण झोपायचं. सकाळी सगळं खडखडीत वाळलेलं. वीज गेली तरी खोली गरमच, त्यामुळे जनरेटर लागतच नाही. माझ्या मते तिथल्या शांततेचं खरं कारण हे होतं, गुलमर्गपासूनचं अंतर नव्हे. घर शोधताना ताई, पहिला प्रश्न हाच विचारा: खोली कशावर गरम करता? हमाम किंवा धुराडं असलेली लाकडाची बुखारी म्हणाले तर रात्र शांत जाईल. गॅसचा हीटर किंवा कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) बंद खोलीत ठेवून मात्र झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि दर हिवाळ्यात काश्मीरमध्ये त्यानं माणसं दगावतात.

आवाज दोनच. पहिल्या रात्री तीनच्या सुमारास डोक्यावर घरंगळत काहीतरी गेलं आणि अंगणात धप्प झालं. चौघंही उठून बसलो, वाटलं डोंगरच खाली आला. पत्र्याच्या उतरत्या छतावरचा बर्फ सुटला होता. दुसऱ्या रात्रीपासून कुणी कूसही बदलली नाही. दुसरा आवाज पहाटेच्या अजानचा. लहानपणी आजोळी काकड आरतीनं जाग यायची, तशी जाग आली. त्याला झोपमोड म्हणणार नाही.

सकाळ मात्र सोपी नाही. बर्फ पडला की टंगमर्गच्या पुढे चाकांना चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात. ताज्या बर्फाची सकाळ ही स्की करणाऱ्यासाठी सोन्यासारखी, आणि नेमकी तेव्हाच तिथे रांग लागते. दहापैकी दोन दिवस आम्ही साडेअकराला पोचलो. पण तशा दिवशी गोंडोलाचा अफरवट डोंगरावर जाणारा वरचा टप्पा हिमस्खलनाच्या धोक्यामुळे उशिराच उघडतो, कधी उघडतही नाही, त्यामुळे फार गमावलं असं झालं नाही. परतीला दोनदा गाइडबरोबर जंगलातून स्कीवरूनच बाबारेशीच्या बाजूला उतरलो आणि गाडी तिथे बोलावली. देवदारांमधून, कुणीही नाही, फक्त स्कीचा सर्र आवाज. ते दोन उतार मी आयुष्यभर विसरणार नाही. शिकाऊ माणसानं तो नाद करू नये, मुलाला तर नाहीच.

आणखी एक. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. गावात राहणार तर ड्रायव्हरला फोन लागलाच पाहिजे.

धागाकर्ती

दादा, हमामचं कुणीच सांगितलं नव्हतं. आईला खाली बसता-उठता येईल का ते बघते. पण सकाळची रांग लहान मुलाला झेपेल का?

इंदिरानगरहून

तुमचा मुलगा शिकणारा आहे, त्याला वरचा टप्पा लागतच नाही. शिकाऊंचे उतार गुलमर्गमध्ये खालीच, सपाटीला लागून आहेत. दहाला निघा, रांग तोवर सरलेली असते. फक्त महिन्याकडे लक्ष ठेवा. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, लोक गवतावर फोटो काढून परतले. पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा.

कॉलेज रोडहून (मी डॉक्टर आहे)

सगळे कानाबद्दल लिहितायत, मला उंचीबद्दल लिहायचंय. आपण नाशिकचे लोक सुमारे ६०० मीटरवर राहतो. गुलमर्ग २६५० मीटरवर. साधारण २५०० च्या वर पहिल्या एक-दोन रात्री झोप तुटक लागते, मध्येच श्वास अडकल्यासारखं होऊन जाग येते, डोकं जड होतं. पेशंट परत आले की म्हणतात, हॉटेल गोंगाटाचं होतं. कधी कधी हॉटेलचा दोष नसतोच.

टंगमर्ग सुमारे ५०० मीटर खाली आहे. दिवसा वर आणि झोपायला खाली, ही गोष्ट शरीराला मानवते. तुमच्या आईसाठी मी हे शांततेपेक्षाही वरचं कारण धरेन. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जाण्याआधी एकदा दाखवून घ्या. पहिल्या दिवशी तिला गोंडोलानं वर नेऊ नका. श्रीनगरला दोन रात्री काढून मग पुढे जा.

सिडकोहून

मनालीकडचं थोडक्यात. सोलंगच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या एका गावात २०१८ ला राहिलो होतो, रात्री फक्त नदी ऐकू यायची. ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला. त्यानंतर २०२२ ला त्याच घरी गेलो तर बोगद्यापलीकडच्या लाहौलकडे बर्फ बघायला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न पहाटे पाचपासून. घर तेच, माणसं तीच, पराठेही तसेच. म्हणून जुन्या अनुभवावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

देवळाली कॅम्पहून

आम्ही दोघं निवृत्त. मुलगा फ्रान्समध्ये नोकरीला. त्यानं गेल्या मार्चमध्ये कूर्शेव्हेलला नेलं. वरचं गाव, ज्याला १८५० म्हणतात, तिथे हिऱ्यांची दुकानं आणि फरचे कोट. आम्ही राहिलो खाली ल प्राझला, साधारण १३०० मीटरवर. दगडाची जुनी घरं, एक छोटं तळं, आणि समोर १९९२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्की जंपच्या उंच घसरगुंड्या. गावातूनच लिफ्ट, म्हणजे रोपवे, सुटते आणि थेट वरच्या गावात नेते. वरखाली फुकट बसही आहे. मुलगा आणि सून स्की घेऊन निघून जायची, आम्ही दोघं तळ्याभोवती फिरायचो, अकराच्या सुमारास लिफ्टनं वर जाऊन त्यांच्याबरोबर डबा खायचो. मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी, बाकावर बसून, समोर सगळा पांढरा डोंगर. स्की न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी दिवसभर करायचं काय, हा प्रश्न आम्हाला पडला नाही, कारण ते नुसतं स्कीचं ठाणं नव्हतं, नांदतं गाव होतं. तुमच्या आईसाठी हे नक्की बघा. बाहेर पडल्यावर चालायला सपाट, बर्फ काढलेला रस्ता आहे का? बसायला बाक आहे का?

रात्रीचं सांगते. पहिल्या खोलीची खिडकी उतारावर उघडत होती, देखावा अप्रतिम. पण थंडी पुरेशी पडली की रात्री बर्फाच्या तोफा सुरू होतात. दाबलेली हवा आणि पाणी फवारून त्या बर्फ तयार करतात. आवाज एखादा मोठा कॉम्प्रेसर चालावा तसा, सलग. त्यातच बर्फ सपाट करणारी मशिनं दिवे लावून वरखाली फिरतात. दुसऱ्या दिवशी मुलानं मालकिणीला सांगून मागची खोली मागितली, जिला फक्त लाकडाच्या ढिगाचा देखावा होता. तिथे आम्ही सहा रात्री गाढ झोपलो.

उणी बाजू: खाली राहिलं की बर्फाऐवजी पाऊस लागू शकतो. आम्हाला एक दिवस लागला. खाली पाऊस, लिफ्टनं वर गेलो तर बर्फ.

नाशिकरोडहून

स्वित्झर्लंड, झेरमाटच्या अलीकडचं टेश. झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, म्हणून सगळ्यांना गाडी टेशला ठेवून पुढे रेल्वेनं जावं लागतं. दर २० मिनिटांनी गाडी, १२ मिनिटांचा प्रवास. उतरल्यावर स्टेशनच्या समोरच गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे, १८९८ पासून चालू, ३०८९ मीटरवर नेते. म्हणजे स्की बूट घालून गावभर चालावं लागत नाही, आणि ज्यानं ते बूट घालून अर्धा किलोमीटर काढलाय त्याला याची किंमत विचारा.

पण टेशबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. दरी अरुंद, तिच्यात रस्ता, रूळ आणि नदी शेजारी शेजारी. स्टेशनजवळची खोली घेतली तर शांत गावात राहण्याचा उपयोग काय? आम्ही फसलो होतो. मी रेल्वे कॉलनीत वाढलोय, रुळांचा आवाज मला झोपवतो, पण बायको आणि मुली रोज उठायच्या. नदीच्या पलीकडे, रुळापासून दोन ओळी आत राहिलेले आमचे सहकारी मजेत होते. फरक तीनशे मीटरचा.

एक गंमत लक्षात आली. रात्री ताजा भुसभुशीत बर्फ पडला की तोच रेल्वेचा आवाज निम्म्यावर यायचा. भुसभुशीत बर्फात हवा असते, तो आवाज पिऊन टाकतो. दोन दिवस ऊन खाऊन बर्फ कडक झाला की आवाज पुन्हा परतून अंगावर येतो.

गंगापूर धरणाकडून

मी कधी स्कीइंगला गेलो नाही. ताईंनी तरी लिही म्हणून आग्रह केला, कारण आमचं गाव रिसॉर्टच्या शेजारचं आहे आणि आम्ही शेतात दोन खोल्या पाहुण्यांना देतो.

पाहुणा फोनवर विचारतो, शांत आहे का? आम्ही हो म्हणतो, आणि खोटं बोलत नाही. आम्हाला रोजचे आवाज ऐकूच येत नाहीत. मोटारीचा पंप, कुत्री, पहाटे द्राक्षावर फवारणीचा ट्रॅक्टर, हे आम्हाला आवाज वाटत नाही. एक पाहुणी ताई होती, तिनं वेगळं विचारलं: पहाटे चार वाजता तुमच्या शेतात काय चालू असतं? मग मला आठवलं की त्या आठवड्यात फवारणी होती. मी सांगितलं, ती पुढच्या आठवड्यात आली. काश्मीरमध्येही घरमालकाला असंच वेळ सांगून विचारा.

आणि पाण्यावरून आवाज फार लांब जातो. पलीकडच्या काठावर शनिवारी स्पीकर लागला की आमच्या ओट्यावर शब्द न् शब्द कळतो. मोकळी दरी असेल तर तिथेही तसंच असेल का, हे जाणकारांनी सांगावं. शनिवार टाळता आला तर टाळा.

मखमलाबादहून

उत्तराखंडातल्या औलीबद्दल लिहिणार होतो, पण जुना सल्ला मागे घ्यायला आलोय. पूर्वी आम्ही सगळ्यांना सांगायचो, जोशीमठात राहा, चार किलोमीटरच्या रोपवेनं वर जा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचली, घरांना तडे गेले, लोकांना घरं सोडावी लागली, रोपवेही बंद झाला. ज्यांच्या घरी मी २०१९ ला चौदा दिवसांच्या स्की कोर्सनंतर तीन रात्री राहिलो, त्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली. त्यांनी फोटो पाठवला होता. चुलीच्या वर, ज्या फळीवर मडव्याच्या (नाचणीच्या) पिठाचा डबा असायचा, तिथून भेग सुरू होत होती. शांत घर शोधताना ते कशावर उभं आहे हेही बघायचं असतं, हे मला त्या फोटोनं कळलं.

धागाकर्ती

सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, दोनदा वाचलं. डॉक्टरसाहेब, आईची तपासणी सोमवारी आहे.

काल टंगमर्गच्या बाजूच्या एका घरी फोन केला. गंगापूरच्या दादांनी सांगितलं तसं वेळ सांगून विचारलं. पलीकडे एक बाई होत्या, हिंदीत म्हणाल्या, रात्री दहाला सगळे झोपतो. चार वाजता माझे सासरे हमामखाली लाकडं सरकवायला उठतात, त्यांच्या खोकल्याचा आवाज येईल. आणि छतावरचा बर्फ पडतो. एवढं बोलून थांबल्या, मग म्हणाल्या, पाहुणे पहिल्या रात्री घाबरतात म्हणून आधीच सांगते.

आईला हे सांगितलं. ती त्र्यंबकची. म्हणाली, पत्र्यावर माकडं नाचायची तेव्हा मी परीक्षेचा अभ्यास करायचे, बर्फाचं काय.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ठरलाय, सोमवार ते शुक्रवार. आईसाठी हमाममध्ये एक खुर्ची ठेवायला सांगितली आहे. चेन लावलेली गाडी आणि पाचही दिवस तोच ड्रायव्हर, हे अजून जमवायचंय. इंदिरानगरच्या दादा, तुमच्या ड्रायव्हरला विचारून बघाल का?