दुसरी-तिसरीची मुलं अडखळत वाचतात, त्यात ‘केळी’ची ‘केयी’ होते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दुसरी-तिसरी एकाच खोलीत बसते. घरोघरी अहिराणी. मुळाक्षरं येतात, काना-मात्रा-वेलांटीही बहुतेकांची पक्की आहे. पण ओळ दिली की ‘आ... ई... नं... भा... क... री’ असं बोट सरकत राहतं, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आईनं काय केलं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतात. (घरी आईनं काय केलं ते विचारा, थांबवता थांबत नाहीत.)

केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेनुसार दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचायचे, तिसरीच्यानं किमान ६०, तेही समजून. भेटीला येणारे साहेब मोबाइलवर टायमर लावतात. घड्याळ दिसलं की पोरं पूर्णविरामालाही थांबत नाहीत, समजणं तर लांबच.

खरी अडचण पुढची. ‘शेतात केळी आहे’ हे वाक्य एक मुलगी ‘वावरमा केयी शे’ असं वाचते. न अडखळता! ही चूक धरू की नको? कापूस वेचणी सुरू झाली की अर्धा वर्ग शेतात असतो, त्याआधी काहीतरी बसवायचं आहे.

प्रतिसाद १
सर, ती मुलगी वाचतेय. अर्थ लागल्याशिवाय ‘शेतात’चं ‘वावरमा’ होणारच नाही. ‘केयी’ हा तर निव्वळ उच्चार, आपल्याकडे ळ चा य होतो, तिथं टोकू नका. ‘केळी’ला ‘काळी’ वाचलं तर मात्र थांबवा, कारण अर्थ बदलला. ‘वावरमा’ला एवढंच म्हणा: बरोबर, आता पुस्तकात काय छापलंय त्यावर बोट ठेव.

अडखळणाऱ्यांसाठी एकच छोटा उतारा चार-पाच दिवस चालवा. आधी तुम्ही ओळ वाचा, हावभावासकट, मागून मुलं. मग सगळे सोबत, मग जोडीनं. शंभर शब्दांत पाचपेक्षा जास्त अडत असतील तर उतारा जड आहे, बदला. अक्षर जुळवण्यातच सगळी ताकद गेली तर अर्थाला डोकं उरत नाही. म्हणून ‘आहे’, ‘आणि’, ‘होता’, ‘म्हणाला’ असले सारखे येणारे शब्द एका नजरेत ओळखू आले पाहिजेत. त्यांच्या पट्ट्या भिंतीवर लावा.

प्रतिसाद २
बोलीचे फार लाड नकोत. पेपर प्रमाण मराठीतच येतो.

प्रतिसाद ३
येतो ना दादा, पण त्या पेपरापर्यंत पोर टिकलं पाहिजे. मी नंदुरबार जिल्ह्यात आहे. कानबाई, म्हणजे आपल्या खानदेशातला देवीचा सण, होऊन गेली की मुलांना विचारते, काय काय झालं? ‘आमना घर कानबाई बसनी’ असं पोरगं म्हणालं की तस्संच फळ्यावर लिहिते. प्रसादाचे रोट कुणी केले, कुणाला किती मिळाले, सगळं. स्वतःचं बोलणं असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार ते त्यांना कळतं आणि अडखळणं निम्म्यावर येतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी प्रमाण मराठीतलं वाक्य. टायमर महिन्यातून एकदा, गुपचूप, फक्त आपल्या वहीसाठी. एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि लगेच एक प्रश्न विचारायचा. उत्तर आलं नाही तर ६० शब्दांना काही अर्थ नाही.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, सोमवारपासून रोटांचा उतारा लावतो. जोड्या कशा लावू? हुशार आणि अगदी कच्चा, की सारखे-सारखे?

प्रतिसाद ३
थोडा पुढचा आणि थोडा मागचा. फार अंतर असलं की एकच वाचतो, दुसरा मान हलवतो. वेचणीला जाणाऱ्यांची जोडी शक्यतो एकाच गल्लीतली लावा आणि उताऱ्याचा कागद घरी द्या. संध्याकाळी ओट्यावर वाचतात, माझ्याकडे तरी वाचतात.