आर्किटेक्चरच्या लॅपटॉपला जास्तीचे पैसे नक्की कशावर टाकायचे?

विक्रोळीचा_मामा
मंडळी, भाचीला आर्किटेक्चरला ॲडमिशन मिळाली आणि लॅपटॉप मामाने घ्यायचा असं घरात परस्पर ठरलंय 😄 लॅमिंग्टन रोडला एक बघितला, आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४०५० ग्राफिक्स. दुकानदार म्हणतो आय७ घ्या, ३२ जीबी घ्या, १ टीबी घ्या, प्रत्येकाला सात-आठ हजार वर, सगळं धरलं तर बजेट पार बोंबलतंय. ऑटोकॅड, स्केचअप, पुढे रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि रेंडरिंग (त्या मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं). कशावर टाकू?

नीलम_ठाणे
दादा, जे नंतर बदलता येत नाही त्यावर टाका. एसएसडी (स्टोरेज) एम.२ म्हणजे सुट्या पट्टीसारखी असते, मागचं कव्हर काढून पुढच्या वर्षीही बसवता येते, त्यामुळे १ टीबी आत्ता नको. आय७ पण सोडा, मॉडेलिंग करताना रेव्हिटचं बरंच काम एकाच कोअरवर चालतं आणि पातळ बॉडीत तापला की आय७ सुद्धा स्पीड उतरवतोच. स्क्रीन मात्र नीट विचारा हां, ४५ टक्के एनटीएससी (म्हणजे रंग कमी दाखवणारी) म्हणाले तर सरळ नाही म्हणा, माझ्या शीटवर विटकरी वाटलेला रंग प्लॉटरमधून (मोठ्या शीटचा प्रिंटर) भलताच बाहेर यायचा. शंभर टक्के एसआरजीबी, म्हणजे रंगांची पूर्ण नेहमीची रेंज दाखवणारा पॅनल हवा.

रात्रपाळी
४०५० नुसत्या नावावर घेऊ नका, तीच चिप कुठे ३५ वॅटवर चालते कुठे ११५ वर, रेंडरला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मॉडेल नंबर टाकून वॅट बघा.

आणि रॅमचं. डेमो पीसवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २ आलं तर निवांत, दुसरी पट्टी कधीही टाका. फॉर्म फॅक्टरला रो ऑफ चिप्स असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, मग मात्र आत्ताच ३२ घ्या.

लोकलवासी
कधीही टाका कसं काय?? एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम उचलली आणि २०२५ च्या शेवटापासून भाव कसले चढलेत बघितलंत का. दुकानदार सात-आठ हजारात खरंच १६ वाढवून देत असेल तर बाजारात सुट्या पट्टीचा भाव विचारा आणि मग ठरवा. बाकी चार्जरसकट वजन करून बघा, सकाळच्या गर्दीत टी-स्क्वेअर, शीटची नळी आणि वर ही वीट घेऊन चढायचंय त्या पोरीला.

विक्रोळीचा_मामा
जाऊन आलो. १ ऑफ २ आहे. स्क्रीन ४५ टक्केवाली निघाली, चांगल्या पॅनलचा पीस दुकानदार मागवून देतोय, पैसे त्यावरच टाकतो. आय७ कॅन्सल. फक्त तो म्हणतो बाहेरून रॅम टाकली तर वॉरंटी जाईल?

रात्रपाळी
ते कंपनीवर आहे, सपोर्टला मेल करून लेखी घ्या. त्याच्याकडूनच टाकलीत तर जीएसटी बिलावर पट्टीचा पार्ट नंबर लिहायला लावा.