सीडी४ चांगला आहे, तरी एचआयव्हीच्या गोळ्या लगेच सुरू करायच्या का?

घणसोलीवाला:
लवकर उत्तर हवंय. धाकट्या भावाचा एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ६१२. ओळखीचे डॉक्टर म्हणतात, ३५० च्या खाली जाईपर्यंत घाई नको, एकदा गोळ्या लागल्या की जन्मभर. पण सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) वाढलाय आणि अंगात सतत दाह राहतो असं वाचलं. थांबायचं की सुरू करायचं? उपदेश नको.

ऐरोलीची_सायली:
सीआरपी किती? वय? टीबी, हिपॅटायटिस बी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघितलंय का?

कोपरीकर_काका:
साडूंचा दाह गुळवेलीच्या काढ्याने उतरला. त्या गोळ्यांनी किडनी जाते.

ऐरोलीची_सायली:
काका, साडूंना एचआयव्ही होता का?

कोपरीकर_काका:
संधिवात होता. दाह तो दाहच.

मीपण_पॉझिटिव्ह:
नाही काका. हा विषाणू सुरुवातीलाच आतड्यातल्या सीडी४ पेशी मारतो. अस्तर गळकं होतं, जंतूंचे अंश रक्तात उतरतात आणि प्रतिकारशक्ती कायम चिडलेली राहते. त्याचा भार हृदयावर, हाडांवर पडतो. विषाणू दाबल्याशिवाय हे थांबत नाही. गोळ्यांनीही दाह पूर्ण जात नाही, पण बराच उतरतो.
घणसोलीवाला, ३५० चा नियम माझ्या वेळचा, २०१२ चा. मला तेव्हा ताटकळत ठेवलं होतं, त्याचा राग अजून आहे. २०१५ मध्ये स्टार्ट चाचणीचे, म्हणजे औषध लगेच द्यावं की थांबावं याच्या अभ्यासाचे, निकाल आले. ३५ देश, ४,६८५ जण, सगळ्यांचा सीडी४ ५०० च्या वर. लगेच औषध सुरू केलेल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून थांबलेल्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी. २०१७ पासून आपल्याकडेही सीडी४ कितीही असो, निदान झालं की उपचार. गोळ्या एआरटी केंद्रात (सरकारी एचआयव्ही उपचार केंद्र) फुकट मिळतात.

पाम_बीच:
लग्न ठरलंय का त्याचं? व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. घरच्यांना सांगा.

घणसोलीवाला:
लग्नाचं कुणी विचारलंय? वय २९, सीआरपी १८. टीबी कशाला असेल? महिनाभर खोकला आहे, पण तो पावसाळ्याचा. वजन थोडं उतरलंय.

ऐरोलीची_सायली:
अहो, हे आधी सांगायचं! सीआरपी १८ खोकल्याच्या कारणानेही असेल, एचआयव्हीच्याच माथी मारू नका. थुंकी आणि एक्स-रे आधी. टीबी निघाला तरी एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) महिनोन्‌महिने लांबवत नाहीत, टीबीचं औषध सुरू करून साधारण दोन आठवड्यांत जोडतात. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर मात्र काही आठवडे थांबतात. आणि रिफॅम्पिसिन (टीबीचं औषध) चालू असताना डोलुटेग्राविर (एचआयव्हीचं औषध) दिवसातून दोनदा लागतं, ते केंद्रात सांगा.

कोपरीकर_काका:
किडनीचं मी उगाच नाही बोललो.

मीपण_पॉझिटिव्ह:
काका, टेनोफोव्हिर या एचआयव्हीच्या औषधामुळे किडनीवर लक्ष ठेवावं लागतं हे खरं, म्हणून तर क्रिएटिनिन बघतात. डोलुटेग्राविरने तो आकडा किंचित वाढतो, पण त्यात किडनीला इजा नसते. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या मात्र त्याच्यासोबत उपाशीपोटी नकोत.

नेरूळ_लोकल:
मेडिक्लेममध्ये एचआयव्ही लपवला तर क्लेम नाकारतात का?

पाम_बीच:
वेगळा धागा काढा.

घणसोलीवाला:
उद्या सकाळी कळव्याला नेतो, थुंकीचा नमुना आधी देतो. ऑफिसला कळवतील का?

मीपण_पॉझिटिव्ह:
नाही. एचआयव्हीबद्दल २०१७ चा कायदा आहे, कोर्टाच्या हुकमासारखे मोजके अपवाद सोडले तर त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. नुसत्या एचआयव्हीवरून नोकरीवरून काढताही येत नाही. भीती वाटत असेल तर १०९७ वर त्यालाच बोलू दे, फुकट आहे.